बाळंतिणीचे मौन

मातृत्वाचा गौरव करण्यात आपला समाज कधी मागे राहिलेला नाही. डोहाळजेवण, ओटीभरण, बारसे अशा प्रत्येक प्रसंगी सारे घर त्या माउलीभोवती गोळा होते. परंतु बाळाचे नाव ठेवले गेले की घरातील सर्वांच्या नजरा पाळण्याकडे वळतात आणि पाळण्याची दोरी ओढणारीकडे फारसे कोणी पाहत नाही. सव्वा महिना उलटला की ती ‘मोकळी’ झाली असे मानले जाते. तिच्या शरीरात पुढे काय घडते आहे, हे कोणी विचारत नाही आणि तीही कोणाला सांगत नाही. शिंक आली, खोकला आला, पाण्याची घागर उचलली की लघवीचे चार थेंब लुगड्यात सुटतात. दिवसभर वावरात राबून परतताना ओटीपोटात जडपणा येतो, अंग खाली उतरल्यासारखे वाटते. ‘बायकांच्या जातीला हे चालायचेच’ एवढ्या एका वाक्याच्या आधारावर आजी, आई आणि लेक अशा तीन पिढ्या गप्प राहतात. या मौनाविषयीच आज लिहायचे आहे. कारण ज्या दुखण्याविषयी हे मौन पाळले जाते, त्यातील पुष्कळसे दुखणे सुईटाक्याशिवाय, केवळ योग्य व्यायामाने आटोक्यात येऊ शकते.

वाशीम जिल्ह्यातील आसेगाव घ्या, किंवा विदर्भातील त्यासारखे कोणतेही गाव घ्या. कापूस, सोयाबीन आणि तूर या पिकांवर जगणारा हा मुलूख. यांतील निंदण, वेचणी ही वाकून करण्याची कामे परंपरेने स्त्रियांच्याच वाट्याला आलेली. त्यांच्या जोडीला डोक्यावरचा सरपणाचा भारा आणि कमरेवरचे लेकरू. या भागातील सासूबाईंना जे बाळंतपण घरी, सुईणीच्या हातून झाले, ते आज सुनेच्या बाबतीत दवाखान्यात होते. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात शंभरपैकी सुमारे पंच्याण्णव प्रसूती रुग्णालयात झाल्या. ही फार मोठी कमाई आहे आणि तिचे श्रेय आशाताईंपासून परिचारिकांपर्यंत अनेकांना द्यावे लागेल. बाळ आणि बाळंतीण सुखरूप राहावी, हा पहिला लढा आपण बऱ्याच अंशी जिंकत आणला. परंतु सुखरूप घरी आलेली स्त्री पुढची चाळीस वर्षे कशा अवस्थेत जगते, हा प्रश्न अद्याप आपल्या विषयपत्रिकेवर आलेलाच नाही.

हा प्रश्न किती खोल आहे, हे जगाला प्रथम विदर्भानेच दाखवून दिले. गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत तिचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक विकार होता. यापूर्वी कधी तरी अशी तपासणी वा उपचार झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. या विकारांत जंतुसंसर्गाचा वाटा निम्मा होता. त्यामुळे ते सारेच स्नायूंचे दुखणे होते असे म्हणता येणार नाही. मात्र त्या अभ्यासाने एक गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. खेड्यातील स्त्री तक्रार करीत नाही, याचा अर्थ तिला दुखणे नाही असा होत नाही. तिला विचारणारे कोणी भेटलेले नसते, एवढाच त्याचा अर्थ.

आता ज्या दुखण्याविषयी आपण बोलत आहोत, ते शरीरात नेमके कोठे असते ते पाहू. आपल्या घरातील नवारीची बाज डोळ्यांसमोर आणा. लाकडी चौकट भक्कम असते, पण अंथरुणाचा आणि माणसाचा भार पेलते ती तिच्यावर ताणून विणलेली नवार. कमरेखालच्या हाडांची चौकट, जिला शास्त्रात श्रोणि म्हणतात, तिचेही तसेच आहे. पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत आणि एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत स्नायूंची एक वीण पसरलेली असते. तिला श्रोणितल म्हणता येईल. मूत्राशय, गर्भाशय आणि मलाशय हे तिन्ही अवयव या विणीच्या आधारावर विसावलेले असतात. मूत्रमार्ग, योनिमार्ग आणि गुदमार्ग या तीन वाटा तिच्यातूनच बाहेर पडतात. हे स्नायू आवळले की वाटा बंद राहतात, सैल सोडले की मोकळ्या होतात. श्वासाचा पडदा, पोटाचे खोलवरचे स्नायू आणि पाठीचा कणा यांच्याशीही त्यांचे काम जोडलेले असते. म्हणूनच खोकताना किंवा ओझे उचलताना पोटातील दाब वाढला की निरोगी शरीरात ही वीण आपोआप वर ओढली जाते.

योनिमार्गे होणाऱ्या प्रसूतीच्या वेळी या स्नायूंचे काही भाग मूळ लांबीच्या तिपटीहून अधिक ताणले जातात, असे शास्त्रज्ञांनी संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने दाखविले आहे. शरीरातील अन्य कोणता स्नायू एवढा ताण सोसून पुन्हा कामाला लागतो? बहुतेक स्त्रियांत तो पुष्कळसा पूर्ववत होतोही. परंतु लागोपाठची बाळंतपणे, अवघडलेली प्रसूती, बाळंतपणानंतर लवकरच उचललेले ओझे, मलावरोधामुळे रोजचे कुंथणे, चुलीच्या धुरातील जुनाट खोकला, वाढलेले वजन आणि पाळी गेल्यानंतर घटणारी संप्रेरके यांमुळे नवार ढिली पडत जाते. मग कोणाची लघवी खोकल्याबरोबर सुटते, कोणाला घाई लागली की मोरी गाठेपर्यंत धीर निघत नाही, कोणाचे गर्भाशय खाली सरकते आणि ‘अंग बाहेर येते’. शस्त्रक्रियेने प्रसूती झाली म्हणजे या त्रासातून सुटका झाली, असेही नाही. तेथे धोका कमी असतो, पण नऊ महिने वाहिलेल्या भाराचा परिणाम उरतोच.

या स्नायूंनाही दंडा-मांड्यांच्या स्नायूंप्रमाणे व्यायामाने बळ देता येते, हे १९४८ साली अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी शास्त्रीय पद्धतीने मांडले. पुढे अनेक देशांत त्याची कसोशीने परीक्षा झाली. २०१८ साली कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने १४ देशांतील ३१ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. खोकताना वा शिंकताना लघवी सुटणाऱ्या स्त्रियांपैकी ज्यांनी हा व्यायाम केला, त्यांतील ५६ टक्के स्त्रियांनी आपण बरे झाल्याचे सांगितले. ज्यांनी तो केला नाही, त्यांच्यात हे प्रमाण ६ टक्के होते. गर्भाशय वा मूत्राशय खाली सरकलेल्या ४४७ स्त्रियांवर ब्रिटन, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. प्रत्येकीला स्वतंत्रपणे शिकविलेल्या व्यायामाने त्यांचा त्रास कमी झाला होता. ब्रिटनच्या अधिकृत वैद्यकीय मार्गदर्शिकेत तर खोकताना वा शिंकताना लघवी सुटण्याच्या तक्रारीवर पहिला उपाय म्हणून तज्ज्ञाच्या देखरेखीखाली किमान तीन महिने हा व्यायाम करावा, असेच सांगितले आहे. एका वेळी किमान आठ आकुंचने आणि दिवसातून तीन वेळा, एवढाच त्याचा व्याप. ना औषध, ना यंत्र, ना अंथरूण धरणे.

मग हे पुस्तकात वाचून करता येणार नाही का? येथेच फिजिओथेरपी, अर्थात भौतिकोपचार या शाखेचे महत्त्व आहे. हे स्नायू डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे आपण नेमके काय आवळतो आहोत, हे स्त्रीला कळत नाही. १९९१ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात ४७ स्त्रियांना केवळ तोंडी सूचना देऊन हा व्यायाम करावयास सांगितले. सुमारे निम्म्याच स्त्रियांना तो नीट जमला आणि जवळजवळ चौथा हिस्सा स्त्रिया अशा रीतीने जोर करीत होत्या की त्यांचा त्रास वाढावा. वर ओढण्याऐवजी त्या खाली ढकलत होत्या. तज्ज्ञ भौतिकोपचारक प्रथम सारी हकीकत ऐकून घेते, पाणी किती प्यायले आणि लघवी किती वेळा झाली याची तीन दिवसांची नोंद ठेवायला सांगते आणि रुग्ण स्त्रीची संमती घेऊन, आडोसा राखून तपासणी करते. त्यानंतर श्वास न कोंडता, पोट व मांड्या न आवळता स्नायू आत आणि वर कसे ओढावेत, काही क्षण धरून पूर्ण सैल कसे सोडावेत, हे शिकविते. खोकण्यापूर्वी वा ओझे उचलण्यापूर्वी ते आधीच आवळून घेण्याची सवय लावते. लघवीची धार मध्येच रोखून रोज सराव करू नये, हेही ती सांगते.

दुसरेही एक कारण आहे. प्रत्येक स्त्रीची नवार ढिली झालेली असतेच असे नाही. काहींच्या बाबतीत ती अतिताणलेली असते. ओटीपोटातील जुनाट वेदना, लघवीला वा शौचाला होणारा अडथळा, पतिपत्नीसंबंधातील वेदना यांमागे पुष्कळदा हा ताण असतो. अशा स्त्रीने आवळण्याचा व्यायाम केला तर दुखणे वाढेल. तिला सैल सोडणे शिकवावे लागते. म्हणून शेजारणीला गुण आला ते मी केले, हा न्याय येथे चालत नाही.

आपल्या परंपरेत याविषयी काही नव्हते काय, असा प्रश्न सुजाण वाचकांच्या मनात येईल. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसाव्या अध्यायात वीस योनिव्यापदांचे वर्णन आहे. स्त्रीच्या या दुखण्यांविषयी बोलण्याची लाज त्या ग्रंथकारांना वाटली नव्हती, हे आजच्या आपल्या संकोचाच्या पार्श्वभूमीवर ध्यानात घेण्यासारखे आहे. हठयोगातील मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांत याच भागातील स्नायूंचे आकुंचन सांगितले आहे. बाळंतिणीला सव्वा महिना विश्रांती, जड कामापासून सुटका आणि सकस आहार देण्याची आपली घरगुती रीतही शहाणपणाचीच. परंतु ‘आमच्याकडे हे सारे आधीच होते’ एवढे म्हणून हात झटकणे म्हणजे परंपरेचा सन्मान नव्हे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा योगक्रिया प्रयोगशाळेत नेऊन मोजल्या आणि त्याच वर्षी सुरू केलेल्या ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून त्या जगापुढे ठेवल्या. तीच वृत्ती येथे हवी. मूलबंध उत्तम खरा, पण कोणी, केव्हा आणि किती करावा, हे तपासूनच ठरविले पाहिजे. आणि सव्वा महिन्याची विश्रांती ज्या मजूर बाईला परवडत नाही, तिच्यासाठी परंपरेकडेही उत्तर नाही. ते उत्तर समाजालाच शोधावे लागेल.

हा विषय केवळ सुखसोयीचा नाही, हे ज्यांना पटत नसेल त्यांनी बीड जिल्ह्याकडे पाहावे. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांची ‘पिशवी’ काढली गेली होती. म्हणजे दर सहा स्त्रियांत एक. त्यामागे मजुरीची गणिते होती, मुकादमाची उचल होती, काही खासगी दवाखान्यांचा लोभ होता आणि कर्करोगाची घातलेली भीतीही होती. पण त्या साऱ्याच्या मुळाशी अज्ञानही होते. पांढरे जाते, कंबर दुखते, ओटीपोट जड वाटते. तर पिशवी काढून टाका, सारे दुखणे एकदाचे मिटेल, हा समज गावोगाव रुजला आहे. वास्तविक गर्भाशय काढल्याने स्नायूंचा ढिलेपणा जात नाही. खोकल्याबरोबर लघवी सुटायची ती सुटतच राहते. शिवाय तरुण वयात ही शस्त्रक्रिया झाली, त्यातही बीजकोश काढले गेले, तर अकाली वार्धक्य आणि हाडांची झीज मागे लागते. ज्या बाईच्या हाती तीन महिन्यांचा व्यायाम ठेवता आला असता, तिच्या हाती शस्त्रक्रियेचे कर्ज आले. ही केवळ वैद्यकीय चूक नसून सामाजिक अन्याय आहे.

याचा अर्थ शस्त्रक्रिया वाईट असा मुळीच नाही. गर्भाशय पूर्ण बाहेर आले असेल, तर पुष्कळदा शस्त्रक्रियेला पर्याय नसतो. काही जणींना योनीत बसवायच्या कडीचा आधारही पुरतो. या क्षेत्रात तर मराठी धन्वंतरींचे कार्य जगन्मान्य आहे. गोव्यातील शिरोडे येथे जन्मलेले आणि मुंबईत नावारूपाला आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि मुंबईचेच डॉ. पुरंदरे यांनी खाली सरकलेले गर्भाशय काढून न टाकता जागेवर उचलून धरणाऱ्या शस्त्रक्रिया विकसित केल्या आणि त्या त्यांच्याच नावांनी ओळखल्या जातात. अवयव वाचवावा ही त्या थोर शल्यविशारदांची दृष्टी होती. त्यांच्याच भूमीत सरसकट पिशव्या काढल्या जाव्यात, यापरते दुर्दैव कोणते? तसेच लघवीतून रक्त जाणे, पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव होणे, लघवी अडणे, किंवा अवघड प्रसूतीनंतर रात्रंदिवस अखंड ठिबकत राहणे ही लक्षणे दिसली, तर व्यायामावर विसंबून न राहता तत्काळ स्त्रीरोगतज्ज्ञ गाठला पाहिजे.

‘हे शहरातल्या सुखवस्तू बायकांचे चोचले, आसेगावात कोण शिकवणार?’ असा आक्षेप येईल. तो अगदीच गैरलागू नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात १९५० च्या दशकाच्या आरंभी पोलिओच्या साथीनंतर फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले. त्यानंतरच्या सत्तर वर्षांत ही विद्या गुडघे, खांदे आणि मणक्यापर्यंत पोहोचली. बाळंतिणीपर्यंत मात्र फारशी आली नाही. परंतु वाटा तयार आहेत. प्रसूतीनंतर ४२ दिवसांत आशाताईंनी घरी सहा भेटी द्याव्यात, ही योजना २०११ पासून देशभर लागू आहे आणि तिचे मूळही गडचिरोलीच्या प्रयोगातच आहे. त्या बाळाचे वजन करतात, ताप पाहतात. त्याच वेळी ‘खोकताना लघवी सुटते का? खाली काही उतरल्यासारखे वाटते का?’ हे दोन प्रश्न आईला विचारण्याचे प्रशिक्षण त्यांना देणे काय अवघड आहे? ज्येष्ठांसाठीच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांत भौतिकोपचाराची तरतूद आहे. त्याच व्यवस्थेत आठवड्याचा एक दिवस बाळंतिणींसाठी राखून ठेवता येईल. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशीमचे महाविद्यालय आहे. त्याच्या स्त्रीरोग विभागाने आरंभापासूनच शस्त्रक्रियेआधी व्यायाम ही शिस्त पाळली, तर साऱ्या जिल्ह्याला वळण लागेल.

शासनाने करावयाचे ते शासन करील. न केल्यास त्याला जाब विचारू. परंतु या विषयातील पहिला अडसर पैशाचा नसून संकोचाचा आहे, आणि तो दूर करणे आपल्याच हातात आहे. आपल्यापैकी अनेक कार्यकर्ते गावोगावी आरोग्य शिबिरे भरवितात. तेथे रक्तदाब आणि मधुमेहाची तपासणी होते. त्याच मांडवात आडोसा करून एखादी स्त्री वैद्य वा भौतिकोपचारक तासभर बसविता येईल. हळदीकुंकवाला पन्नास बायका जमतात; तेथे वाणाबरोबर ही माहितीही लुटता येईल. सासूने सुनेला विचारावे, कारण तेच दुखणे तिनेही सोसलेले असते. आणि घरातील कर्त्या पुरुषाने हा ‘बायकांचा विषय’ म्हणून पाठ फिरवू नये. बाळंतिणीच्या डोक्यावरची घागर आपल्या हाती घेणे, तिला व्यायामाला दिवसातून तीनदा पाच-दहा मिनिटे मोकळी ठेवणे, दवाखान्यात तिच्यासोबत जाणे आणि ‘पिशवी काढून टाका’ असे कोणी म्हणताच दुसऱ्या वैद्याचा सल्ला घेणे, हे त्याचे कर्तव्य आहे.

मातेला देवतेचे स्थान देणाऱ्या समाजाकडून एवढी अपेक्षा फार नव्हे. कोंदट खोलीतील शेकशेगडी विझल्यानंतरही तिची विचारपूस चालू राहिली पाहिजे. प्रश्न विचारायला खर्च येत नाही. तो या आठवड्यात आपापल्या घरी, आपल्या आईला, पत्नीला, बहिणीला, सुनेला विचारला जावा, आणि उत्तर मिळाले तर ते हसण्यावारी न नेता ऐकले जावे, एवढीच या लेखाची मागणी आहे.